किल्ली दिली

१

मंगळवारी आमच्या नगरभवनाचं घड्याळ दहा मिनिटं थांबतं, त्यात नवल काही नाही. किल्ली देताना लंबक धरून ठेवावा लागतो, इतकं ते जुनं आहे. अकरा वीसला थांबायचं आणि साडेअकराला पुन्हा सुरू व्हायचं. त्या मंगळवारी मात्र माझ्या मनगटावर अकरा चाळीस झाले होते आणि मनोऱ्यावर अजून अकरा वीसच होते.

मी चौदा पाहुण्यांना बागेतून फिरवत होते. तीस वर्षं याच इमारतीत शीघ्रलेखिका होते. सभागृहात कोण कुणाला काय बोललं ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून आलेल्या-गेलेल्यांना इमारत दाखवायला लागले. कारंजं, गुलाबांचे वाफे, सभागृह आणि शेवटी मनोऱ्याचं दार, असा माझा ठरलेला रस्ता. दाराशी मी एक किस्सा सांगते. त्यावर हमखास हशा येतो.

"बाई, तुमचं घड्याळ झोपलंय," गवती टोपीतला एक पाहुणा म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तेवढ्यात माळीबुवांनी गवत कापायचं यंत्र बंद केलं. अकरापासून त्याची घरघर डोकं उठवत होती. एकाएकी शांत झालं आणि त्या शांततेत मनोऱ्याच्या पायथ्याशी फोटो काढणारी एक पाहुणी हळू आवाजात म्हणाली, "इथंही कुणीतरी झोपलंय."

गुलाबांत घड्याळकाका उताणे पडले होते. चाळीस वर्षं त्या घड्याळाला किल्ली देणारा माणूस. बोटांना तेल तसंच होतं, एक चप्पल पायात होती आणि डोळे उघडे होते. वर, चौथ्या मजल्याइतक्या उंचीवर, मनोऱ्याचा पूर्वेकडचा सज्जा होता. त्याचा लोखंडी कठडा जागच्या जागी उभा होता.

किंकाळ्या ऐकून पहिला धावत आला तो माझा धाकटा भाऊ. तो इथला पहारेकरी. आवाज असा, की सगळी इमारत त्याला भोंगा म्हणते. त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

तासाभरात पोलीस आले. मनोऱ्याचं दार बाहेरून बंद होतं. त्या दाराच्या चाव्या दोनच. एक अधीक्षकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, ती जागेवर होती. दुसरी काकांच्या कमरेला, वर काम करताना आतल्या खिळ्याला असायची, ती दोन्हीकडे नव्हती.

ती माझ्या भावाच्या टेबलाच्या खणात सापडली.

२

तपास अधिकारी तरुण होता, सभ्य होता आणि त्याला झोप कमी पडत असावी. त्याने मला सभागृहात बसवलं आणि एक फोटो समोर ठेवला.

"बाई, वर घड्याळाच्या खोलीत ही वही मिळाली. तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता. अक्षर त्यांचंच ना?"

काकांची वही मी शेकडो वेळा पाहिली होती. दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आणि एकेक अक्षर सुटं, सरळ उभं, शाळेतल्या फळ्यावर काढावं तसं. शिवाय डोळे भरून आले होते. मी एक नजर टाकली.

"हो, त्यांचंच," मी म्हणाले.

आणि मग ती ओळ वाचली. 'मंगळवार, ११.१०. मनोऱ्याची किल्ली पहारेकऱ्याकडे दिली.'

त्या एका 'हो'ने मी माझ्या हातांनी भावाच्या गळ्यात दोर टाकला होता.

"किल्ली त्याच्याकडे होती," अधिकारी म्हणाला. "कठडा छातीइतका उंच आहे. माणसाला उचलून पलीकडे टाकायचं, तर अंगात ताकद हवी. तुमच्या भावाच्या अंगात ती आहे. आणि रविवारचं भांडण पन्नास जणांनी ऐकलंय."

ते खरं होतं. रविवारी एका नव्या जोडप्याला सज्ज्यात फोटो काढायचा होता. भोंग्याने काकांकडे चावी मागितली. काका सगळ्यांदेखत कडाडले, "वर पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन!" भोंग्याच्या जिभेला कधी हाड नव्हतं. "एक दिवस तुम्हीच पडाल त्या मनोऱ्यावरून!" तो ओरडला. पार रस्त्यावर ऐकू गेलं.

"डॉक्टर म्हणतात, पडल्यावर काका लगेच गेले नसावेत," अधिकारी उठता उठता म्हणाला. "दहा-पंधरा मिनिटं तरी धुगधुगी होती. यंत्राच्या आवाजात कण्हणं कुणाला ऐकू आलं नाही."

त्या संध्याकाळी भोंग्याला घेऊन गेले.

३

कोठडीत तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला ही नोकरी लावण्यापर्यंत सगळं मी केलंय. त्याचं खोटं मला त्याच्या कानांवरून कळतं. ते लाल होतात.

"ताई, काकांनी मला चावी कधीच दिली नाही गं. रविवारी मागितली, तर केवढं बोलले. मंगळवारी कशाला देतील?"

कान साधे होते.

"खण उघडा होता?"

"कुलूपच नाही त्याला. बागेत आरडाओरडा झाला तसा मी धावलो. खोली उघडीच टाकून गेलो." मग म्हणाला, "मी त्यांना पडाल म्हणालो, ताई. ते शब्द माझ्या तोंडून गेले."

सोमवारी त्याला पुन्हा न्यायालयात उभं करणार होते. अक्षर तपासणाऱ्यांना तीन आठवडे लागणार होते. काकांचं सुटं अक्षर कुणालाही गिरवता आलं असतं. आणि माझा होकार कागदावर चढला होता.

निघताना मी अधिकाऱ्याला विचारलं, "त्या ओळीच्या आधीच्या पानावर काय आहे?"

त्याने फाइल उघडली. "काकांनी पानांना आकडे घातलेत. एकसष्ट ते चौसष्ट ही पानं नाहीत. फाडलेली आहेत."

४

गुरुवारी मी नेहमीसारखी कामावर गेले. पिशवीत माझी जुनी शीघ्रलेखनाची वही होती, कोठडीतलं बोलणंही तिच्यातच उतरलं होतं. समोरचा बोलायला लागला की माझी बोटं आपोआप चालतात. आणि ही बाई काहीतरी गिरगटतेय, म्हणून लोक तिकडे लक्ष देत नाहीत.

पहिली नोंदपाल बाई. जुन्या कागदपत्रांची खोली तिची, मनोऱ्याच्या दाराला अगदी लागून. तिचं काकांशी सात वर्षांचं वैर, कारण घड्याळाचं तेल छतातून तिच्या दस्तऐवजांवर ठिबकायचं. तिच्या उजव्या तळव्याला पट्टी होती.

"बघू नकोस अशी. कपाटाची काच लागली," ती फणकारली. "आणि मी मंगळवारी जागेवर नव्हतेच. तीन वाजता पाहणी समिती यायची होती ना, मनोरा लोकांना खुला करायचाय म्हणून. अधीक्षकसाहेबांनी मला अकरालाच खाली पिटाळलं, सभागृहात नकाशे मांडायला. नाहीतर चावी फिरवल्याचा आवाज मला आलाच असता. त्या दाराची चावी कशी किंचाळते, तुला माहितीये." मग तिचा चेहरा पडला. "चार तक्रारी केल्या गं मी त्यांच्या. आता छताकडे बघवत नाही."

दुसरे माळीबुवा. पोलीस यायच्या आत त्यांनी पायवाट पाण्याने धुतली होती, त्यामुळे त्यांच्यावरही नजर होतीच.

"रक्त बघवेना म्हणून धुतलं," ते म्हणाले. "गुन्हा असेल तर मला धरा. तेलाच्या चिंध्या माझ्या गुलाबांत फेकायचा म्हातारा, भांडलोय मी त्याच्याशी. पण मी यंत्र चालवत होतो आणि तो वीस पावलांवर..." त्यांनी तोंड फिरवलं. "मंगळवारी यंत्र मी कधी काढतो का? पण साहेब म्हणाले, समिती येतेय, अकराला सुरू करा. अवजारांच्या खोलीची चावीसुद्धा त्यांनीच पाठवून दिली."

तिसरे अधीक्षकसाहेब. दहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या कचेरीतून बदलून आलेले. नीटनेटके, मृदू बोलणारे, टेबलावर कागदाचा कोपराही वाकडा न ठेवणारे. मी कितीदा म्हटलं, साहेब, एकदा माझ्याबरोबर इमारत बघा. "वेळ कुठं आहे, बाई," हे ठरलेलं उत्तर.

"मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण पुराव्यापुढे काय करणार? माझ्या कपाटातली किल्ली जागेवर होती. काकांची किल्ली तुमच्या भावाच्या खणात. मी त्या वेळी इथेच होतो, समितीचे कागद बघत."

"मनोरा आता उघडणार नाही ना?"

"उघडणार. आणखी दोन आठवड्यांनी. माझा अहवाल गेलाय." त्यांनी प्रत माझ्यापुढे सरकवली. 'जिना, सज्जा व कठडा प्रत्यक्ष पाहिला. सुस्थितीत.' खाली सही होती. "फक्त पोलिसांनी मनोरा मोहरबंद केलाय. सुरक्षेची पाहणी करायची म्हणून मी दोनदा पत्र दिलं. किल्ली द्यायला तयार नाहीत."

बोलताना ते खिडकीतून वर बघत होते. पूर्वेच्या सज्ज्याकडे.

५

घरी येऊन मी वही उघडली. शीघ्रलेखनाची एक गंमत असते. त्यात अर्थ नसतो, नुसते आवाज असतात. माणूस जसं बोलला तसं कागदावर येतं आणि आपल्याला जे ऐकायचं असतं ते मध्ये लुडबुडत नाही.

मी कोठडीतलं बोलणं वाचलं, नोंदपाल बाईचं वाचलं, माळीबुवांचं वाचलं. सगळीकडे एक छोटी खूण पुन्हा पुन्हा येत होती. मग अधीक्षकांचं पान आलं आणि तिथे ती खूण नव्हती. तिच्या जागी दुसरीच होती, तीनदा.

ती दुसरी खूण मी आणखी एका ठिकाणी पाहिली होती, पेन्सिलीने सुट्या अक्षरांत लिहिलेली. पाहिली होती आणि तरी 'हो' म्हणाले होते!

मग मला काकांचं उन्हाळ्यातलं एक बोलणं आठवलं. "बाई, पाहुण्यांना वर नेऊ नका. कधी न्यायचं ते मी सांगेन." म्हातारपणचा हेका म्हणून मी सोडून दिलं होतं. भोंग्यावर ते कडाडले तेही त्याच कारणासाठी असेल का? आणि फाडलेल्या पानांवर तेच कारण लिहिलेलं असेल, तर ती पानं आता कुठे होती? इतकं घाबरून पुन्हा पुन्हा वर जायला बघणारा माणूस काय विसरून आला होता?

शुक्रवारी सकाळी मी अधिकाऱ्याकडे गेले. "माझा होकार मला मागे घ्यायचाय," मी म्हणाले. "त्याआधी एक तास द्या. मला चार जणांना इमारत दाखवायची आहे."

"एक गोष्ट मलाही बोचतेय," तो म्हणाला. "दाराची किल्ली दुसऱ्याला देऊन माणूस आत काम करत का बसेल? बाहेरून दार लागलं तर तोच कोंडला जाईल. उद्या दहाला येतो."

६

शनिवारी दहा वाजता ढग इतके खाली आले होते की मनोऱ्याचं टोक दिसत नव्हतं. अधिकारी, नोंदपाल बाई, माळीबुवा आणि अधीक्षकसाहेब. साहेबांना या वेळी वेळ होता. वर जायला मिळणार म्हटल्यावर सगळ्यांत आधी तेच हजर.

मनोऱ्याच्या दाराशी मी नेहमीसारखी थांबले. "इथं मी एक किस्सा सांगते. मंगळवारी सांगायचा राहिला. वीस वर्षांपूर्वी मोठे पाहुणे आले होते. अध्यक्षांनी खालून काकांना ओरडून विचारलं, किल्ली दिली का? काका वरून म्हणाले, दिली! अध्यक्षांना वाटलं, दाराची किल्ली पाहुण्यांच्या माणसाकडे दिली, म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. काकांनी दिली होती घड्याळाला. पाहुणे दीड तास या जिन्यात कोंडलेले."

माळीबुवा त्याही स्थितीत जरासे हसले.

"दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. मीच टंकलेखन केलं. या इमारतीत दाराची असेल ती चावी आणि घड्याळाची असेल ती किल्ली. जो चुकेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. काका कधी चुकले नाहीत. वीस वर्षं त्यांच्या वहीत 'किल्ली' या शब्दाचा एकच अर्थ आहे."

अधिकारी जागच्या जागी थांबला. "मग ती ओळ..."

"काकांची नाही. इथं बाहेरून आलेल्या कुणाची तरी. तुमच्यासारख्याची. तुम्हीही किल्लीच म्हणता, त्यात तुमची चूक नाही. पण तुम्ही मंगळवारी आमच्याकडे नव्हता."

जिना चढताना साहेब माझ्या मागेच होते. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

घड्याळाच्या खोलीत सगळं तसंच होतं. हातभर लांबीची लोखंडी किल्ली यंत्राच्या भोकात अडकलेली, वजन दोरावर अर्ध्यावर लोंबकळणारं. काम अर्धवट टाकून काका उठले होते. बारक्या दारापलीकडे पूर्वेचा सज्जा होता. पोलिसांनी उंबऱ्यातूनच फोटो काढले होते. पुढे कुणी गेलेलं नव्हतं.

मी गेले.

वारा कानात घोंगावत होता. खाली गुलाबांचे लाल ठिपके. माझा सगळा तर्क त्या कठड्यापाशी येऊन थांबत होता आणि तो चुकला असता तर सोमवारी माझा भाऊ गेला असता. मी सगळ्यांकडे तोंड केलं, कठड्याकडे पाठ केली आणि पाहुण्यांना सांगतात त्या आवाजात म्हणाले, "इथून सगळं शहर दिसतं. आपण असं टेकून उभं राहिलं की..."

"बाई, टेकू नका!"

अधीक्षकसाहेब ओरडले होते. दोन्ही हात पुढे केलेले, चेहरा पांढराफटक.

मी अजून कठड्याला स्पर्शही केला नव्हता.

"का हो साहेब?" मी विचारलं. "तुमच्या अहवालात तर तो सुस्थितीत आहे."

अधिकाऱ्याने मला आत ओढून घेतलं आणि हातातल्या काठीने कठडा ढकलला. फार जोर लावावा लागला नाही. एक अख्खा भाग दारासारखा बाहेर उघडला. ज्या दगडी खाचेत त्याचा खांब रोवलेला असायला हवा होता, तिथून घट्ट दुमडलेल्या कागदांची पाचर निसटून फळ्यांवर पडली.

त्याने ती उलगडली. आकडे होते, एकसष्ट ते चौसष्ट.

'पूर्वेचा कठडा सुटला. अधीक्षकांना सांगितले. आले नाहीत.' पंधरा दिवसांनी पुन्हा. 'सांगितले. आले नाहीत.' असं पाच वेळा. 'वर न येताच सही केली असे कळते. मंगळवारी समितीला ही वही दाखवणार.'

साहेब खाली बसले. "मी ढकललं नाही," ते म्हणाले. "मी समजवायला आलो होतो. त्याने मला कठडा दाखवला, वही छातीशी धरून. मी फक्त वही ओढली. तो मागे सरला. एवढंच."

"आणि मग?" अधिकाऱ्याने विचारलं.

साहेबांनी चेहरा ओंजळीत लपवला.

"मग मी सांगते," मी म्हणाले. "मग तुम्ही पानं फाडली. लोंबणारा कठडा वर घेतला आणि हातात होते तेच कागद खाचेत कोंबले. दोऱ्याची पेन्सिल घेऊन सावकाश सुटी सुटी अक्षरं काढलीत. आतल्या खिळ्यावरची काकांची चावी घेतलीत, दार लावलंत आणि माझा भाऊ धावत सुटल्यावर ती त्याच्या खणात टाकलीत. वीस मिनिटं, साहेब. त्यातली पंधरा मिनिटं तो माणूस खाली जिवंत होता."

माळीबुवा रडायला लागले. नोंदपाल बाईने पट्टीचा हात तोंडावर धरला होता. साहेबांनी मान वर केली नाही.

७

भोंगा शनिवारीच सुटला. अधिकाऱ्याने त्याला त्या पानांची नक्कल वाचायला दिली. शेवटची नोंद रविवारची होती. 'पहारेकऱ्याला सगळ्यांदेखत फार बोललो. जोडपे वर गेले असते तर मेले असते. मंगळवारी किल्ली दिल्यावर त्याला खाली जाऊन कारण सांगायचे.'

घरी येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. जेवला नाही. दार लावून घेऊन बसला. इतकी वर्षं मी त्याला 'आवाज कमी कर' म्हणत आले आणि त्या रात्री तो ओरडावा म्हणून मी दाराशी कान देऊन उभी होते.

पुढच्या मंगळवारी मी नऊ पाहुण्यांना घेऊन बागेत होते. अकरा वीसला घड्याळ थांबलं. कुणीतरी हसून काहीतरी म्हणालं, ते मी ऐकलं नाही. मी काट्याकडे बघत होते. मनगटावर साडेअकरा झाले. अकरा पस्तीस झाले. अकरा चाळीसला मोठा काटा थरथरला, पुढे सरकला आणि चालायला लागला. किल्ली देणाऱ्याला अजून सवय नव्हती, म्हणून वेळ लागला.

दुपारी मी वर गेले. भोंगा खाली पहाऱ्यावर गेला होता. नवी वही उघडी होती आणि पेन्सिल दोऱ्याला बांधलेली. त्याचं अक्षर लहानपणापासून वाईट, कोंबडीच्या पायांसारखं, कुणालाही गिरवता येणार नाही असं.

'किल्ली दिली,' त्याने लिहिलं होतं. आणि खाली, 'काका, कारण कळलं.'